गोवा पावडर : एका मलमाचा प्रवास

मुंबईत राहिलेल्या माणसाला केम्प्स कॉर्नर माहीत नाही असं सहसा होत नाही. पेडर रोडवरून येणाऱ्या बसमध्ये कंडक्टर ते नाव ओरडायचा तेव्हा हा केम्प कोण, असा प्रश्न मला कॉलेजात असताना कधी पडला नाही. तो पडला इंग्लंडमध्ये, आणि तोसुद्धा सोरायसिसच्या मलमामुळे! केम्प हा कुणी गव्हर्नर नव्हता की सेनापती नव्हता. 'केम्प आणि कंपनी' हे मुंबईतलं औषधांचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचं नाव चौकाला चिकटलं. याच केम्पसाहेबांनी १८६४ मध्ये लंडनच्या 'फार्मास्युटिकल जर्नल'मध्ये मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या एका पिवळसर भुकटीबद्दल लिहिलं. भुकटीचं नाव होतं 'गोवा पावडर'.

मी फार्मासिस्ट. मूळची सावंतवाडीकडची, शिक्षण मुंबईत. १९७९ साली लग्न होऊन इकडे आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि मग निवृत्त होईपर्यंत यॉर्कशायरमधल्या रुग्णालयांत औषधं बनवण्याच्या विभागात काम केलं. त्यामुळे या लेखात थोडा इतिहास आणि थोडा स्वयंपाकघराचा अनुभव, असं मिश्रण झालं आहे. आमच्या विभागाला मी स्वयंपाकघरच म्हणायची. तराजू, खल, काचेची मोठी लादी आणि उलथन्यासारखी लवचिक पट्टी, एवढ्यावर आमचा संसार चाले.

आधी रोगाबद्दल दोन शब्द. आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये तेच काम तीन ते सात दिवसांत उरकलं जातं. शरीराची संरक्षणव्यवस्था विनाकारण खवळलेली असते, कातडीच्या पेशी घाईघाईने वर येतात, आणि पुऱ्या पक्व न होताच चंदेरी पापुद्र्यांसारख्या साचतात. कोपर, गुडघे, डोकं, कंबर या आवडत्या जागा. गोऱ्या कातडीवर चट्टा लाल दिसतो. आपल्या सावळ्या रंगावर तो जांभळट किंवा काळपट दिसतो, आणि बरा झाल्यावरही काळा डाग महिनोन्महिने राहतो. इथे ब्रिटनमध्ये शंभरातल्या सुमारे दोघांना हा रोग आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही.

लोकांना ते पटत नाही याचं कारण जुनं आहे. संस्कृतात 'कुष्ठ' हा शब्द जवळपास सगळ्याच त्वचारोगांना लावत. माशाच्या खवल्यांसारख्या चट्ट्यांचं वर्णन आयुर्वेदात आहे, तेही कुष्ठाच्याच अठरा प्रकारांत. पुढे मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला. युरोपातही असाच घोळ होता. तिथे 'लेप्रा' या शब्दाच्या पोतडीत काहीही भरत. १८०८ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट विलनने सोरायसिसचं चांगलं वर्णन केलं खरं, पण त्यानेही त्यातल्या काही भागाला लेप्राच म्हटलं. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने ते नाव काढून टाकलं. म्हणजे त्याआधी किती सोरायसिसवाल्यांना गावाबाहेर काढलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

औषध म्हणून तेव्हा काय होतं? पोटात आर्सेनिकचे थेंब, बाहेरून पाऱ्याचं मलम किंवा डांबर. आर्सेनिकने चट्टे कमी होत, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या तळहातांवर कठीण गाठी येत आणि काहींना कर्करोग होई. अशा काळात ही गोवा पावडर पुढे आली.

गंमत अशी की ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, दक्षिणेकडच्या दमट जंगलात, अराबोरा नव्हे, 'अरारोबा' नावाचा (माझी जीभ अजून अडखळते) उंच वृक्ष आहे. म्हाताऱ्या झाडाच्या खोडात भेगा आणि पोकळ्या असतात आणि त्यांत ही भुकटी साचते. झाड तोडायचं, ओंडके फोडायचे आणि खरवडून भुकटी काढायची. ताजी असताना ती फिकट पिवळी असते, हवा लागली की काळवंडत तपकिरी होते. खरवडणाऱ्या माणसांचे डोळे सुजत, तोंड भाजल्यासारखं होई. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती समुद्रापार आली, गोव्याच्या वाटेने मुंबईत पोचली, आणि बाजाराने तिला गोव्याचंच करून टाकलं. आपल्याकडे बटाटा, मिरची, काजू, अननस असे कितीतरी पाहुणे याच वाटेने येऊन घरचे झाले. त्यांच्या पंगतीत हे औषधही बसवायला हरकत नाही. मूळ झाड कुठलं, हे इथल्या गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. ते कोडं १८७५ मध्ये सुटलं. बाहियातले डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी सांगितलं की तुमची गोवा पावडर म्हणजे आमच्याकडची साधी 'बाहियाची भुकटी'!

मुंबईत ती वापरत गजकर्णावर. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवायची आणि चट्ट्यावर लावायची. आपल्या कोकणात गजकर्णावर घरचा उपाय होताच. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो त्या टाकळ्याच्या बिया ताकात किंवा लिंबात वाटून लावत. टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चकंदळ्यांना चिरडणारा. दुसरं नाव दद्रुघ्न. आज आपल्याला ठाऊक आहे की टाकळ्याच्या बियांतलं क्रायसोफॅनॉल हे द्रव्य अरारोबातल्या द्रव्याचं रसायनशास्त्रातलं जवळचं नातेवाईक आहे. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिने, "मग त्यात नवीन काय?" एवढंच विचारलं असतं.

आता मुख्य घटना. लंडनमध्ये बालमानो स्क्वायर नावाचे त्वचारोगांचे शल्यचिकित्सक होते. त्यांच्या एका रुग्णाने आपल्याला गजकर्ण झालं आहे अशा समजुतीने गोवा पावडर लावली. रोग होता सोरायसिस. आणि चट्टे गेले! १८७६ पासून स्क्वायर यांनी याबद्दल लिहायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत त्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं. व्हिएन्नापर्यंत बातमी गेली. भुकटीत काय आहे यावर रसायनशास्त्रज्ञांची आधी फसगत झाली. अॅटफील्ड यांना १८७५ मध्ये वाटलं की हे रेवाचिनीतलं क्रायसोफॅनिक अॅसिडच आहे. १८७८ मध्ये लीबरमान आणि झाइडलर यांनी दाखवलं की द्रव्य वेगळं आहे. त्याला 'क्रायसॅरोबिन' नाव मिळालं आणि गोव्याचं नाव हळूहळू पुसलं गेलं.

मला या गोष्टीतला तो अनामिक रुग्ण फार महत्त्वाचा वाटतो. चुकीचं निदान, बाजारातलं औषध, आणि तरीही गुण. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरने त्याला हसून घालवलं नाही, नीट पाहिलं.

पुढचा धक्का पहिल्या महायुद्धाचा. जर्मनीची समुद्रातून कोंडी झाली आणि ब्राझीलची भुकटी मिळेना. बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी कारखान्यात तिचा धाकटा भाऊ तयार केला. रेणूत फक्त एक मिथिल गट कमी. ड्रेस्डेनचे गालेव्स्की आणि हँबुर्गचे उन्ना यांनी १९१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधाचं नाव सिग्नोलिन. ब्रिटनमध्ये त्याला डिथ्रॅनॉल म्हणतात, अमेरिकेत अँथ्रालिन. अमेरिकेतल्या वाचकांपैकी कुणी ते लावलं असेल तर त्यांनी नकळत गोवा पावडरचा वारसाच अंगाला लावला आहे.

अमेरिकेत त्या काळी डांबराचा मार्ग जास्त चालला. १९२५ मध्ये मेयो क्लिनिकच्या विल्यम गोकरमन यांनी दगडी कोळशाचं डांबर अंगाला फासून वर अतिनील किरण देण्याची पद्धत मांडली. १९५३ मध्ये आमच्या लीड्सच्या जॉन इंग्रॅम यांनी दोन्ही घराणी एकत्र आणली. रोज डांबर घातलेल्या पाण्याने अंघोळ, मग किरण, मग चट्ट्यांवर डिथ्रॅनॉलचा लेप आणि वरून सुती जाळीचे कपडे. दुसऱ्या दिवशी लेप पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सुमारे तीन आठवडे हे चाले. मी आले तेव्हा ही इंग्रॅम पद्धत ऐन भरात होती.

हा लेप मी शेकडो वेळा केला आहे. झिंक ऑक्साइड, स्टार्च, थोडं सॅलिसिलिक अॅसिड आणि पांढरं पॅराफिन यांची घट्ट पेस्ट, तिला लासारची पेस्ट म्हणतात. ती पुरणासारखी घट्टच हवी, कारण डिथ्रॅनॉल चट्ट्यावर औषध आहे आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर जाळ. लेप पसरला की भाजलंच म्हणून समजा. सॅलिसिलिक अॅसिड पापुद्रे सैल करतं, पण त्याचं खरं काम वेगळं. झिंकच्या संगतीत डिथ्रॅनॉल खराब होऊ नये म्हणून ते तिथे राखणदार असतं. सुरुवात ०.१ टक्क्याने, मग सोसेल तसं वाढवायचं. पिवळी पूड वजन करताना हातमोजे, मुखपट्टी, चष्मा सगळं चढवावं लागे. एवढं करूनही संध्याकाळी घरी जाताना नखं जांभळी! बिब्ब्याचा डाग बरा, असं मी म्हणायची. चादरी, पायजमे, अंघोळीचे टब, सगळ्यांवर तपकिरी-जांभळी नक्षी उमटे. रुग्णाच्या अंगावर चट्ट्याच्या जागी गुळगुळीत पण जांभळट ठसा राहिला की परिचारिका खूश व्हायच्या, कारण तो ठसा म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. पंधरवड्यात तो जाई.

वॉर्डातले लोक मला आठवतात. खाणीत काम केलेले धिप्पाड गडी, गिरण्यांतल्या बायका. तीन आठवडे सगळे सारखेच पिवळे-जांभळे, सारखाच डांबराचा वास. कुणालाच कुणाची लाज नाही. कित्येकांना वर्षानुवर्षांत घरच्यांनीसुद्धा हात लावला नव्हता, आणि इथे परिचारिका रोज तासभर अंगभर लेप लावत होत्या. त्या स्पर्शाने किती गुण आला आणि डिथ्रॅनॉलने किती, हे मोजायला आमच्याकडे तराजू नव्हता.

त्या वॉर्डात गेले की मला माझे एक मामा आठवायचे. त्यांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर हेच चट्टे होते. घरात त्याला 'गजकर्ण' म्हणत आणि गावात दबक्या आवाजात 'महारोग'. आजोळी त्यांचं ताट-वाटी वेगळं असे. पंगतीत ते स्वतःहूनच शेवटच्या पाटावर बसत, कुणी काही बोलायच्या आत. एस.टी. स्टँडवर मिळणारी झणझणीत मलमं ते लावत आणि कातडी सोलवटून घेत. मामेबहिणीला दोन स्थळं नुसत्या त्या कोपरांमुळे परत गेली. शेवटी लग्नाच्या बोलणीला मामा जाईनासे झाले, धाकटे मामा जात. मी इकडून पत्रांत लिहायची की हा सोरायसिस असावा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पण डॉक्टरांच्या दारात कुणी पाहील ना!

नव्वदच्या दशकात त्यांना चमत्कार सापडला. एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, पांढऱ्या मलमाची ट्यूब मिळाली. वास नाही, डाग नाही, आग नाही. आठ दिवसांत कोपर स्वच्छ. हे होतं स्टेरॉइड.

स्टेरॉइड मलमांचा इतिहास तसा छोटा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम यशस्वीपणे वापरून दाखवलं. इसबाला ते वरदान ठरलं, पण सोरायसिसच्या जाड चट्ट्यापुढे फिकं पडलं. मग जास्त ताकदीची स्टेरॉइडं शोधण्याची शर्यत लागली. ताकद मोजायची कशी? मॅकेंझी आणि स्टाउटन यांनी १९६२ मध्ये सोपी युक्ती काढली. स्टेरॉइडचा थेंब निरोगी माणसाच्या हातावर टाकायचा आणि ती जागा किती पांढरी पडते ते पाहायचं, कारण स्टेरॉइडने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात. या चाचणीतून बीटामेथासोन व्हॅलेरेट पुढे आलं, आणि सत्तरच्या दशकात क्लोबेटासॉल, जे अजूनही सगळ्यांत जबरदस्त गटात मोडतं. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या जागी, ठरलेले आठवडे लावलं तर हे उत्तम औषध आहे. मी त्याच्या विरोधात नाही. इंग्रॅम पद्धतीचे वॉर्ड ओस पडायला हेही एक कारण होतं. कुणाला जांभळ्या चादरी हव्यात?

पण डिथ्रॅनॉल जास्त लावलं तर ते लगेच भाजतं, माणूस आपणच थांबतो. स्टेरॉइड तसं ओरडत नाही. कातडी हळूहळू पातळ होते, जांघेत आणि काखेत भेगांसारखे पट्टे उमटतात, चेहऱ्यावर पुरळ येतो. आणि पुष्कळ दिवस, पुष्कळ जागी लावलेलं अचानक थांबवलं तर सोरायसिस दुपटीने उसळू शकतो, कधी अंगभर पुवाचे फोड येतात. मामांचं तेच झालं. दुकानात ट्यूब आली नाही म्हणून तीन आठवडे खंड पडला. ताप, अंगभर फोड, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात महिना. ते वाचले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सगळ्या घरासमोर सांगितलं की हा सोरायसिस आहे, लागत नाही. त्यानंतर ताट-वाटी एकत्र झाली, पण मामा शेवटच्याच पाटावर बसत राहिले.

त्यांना पुढे कॅल्सिपोट्रिऑल मिळालं. ही आणखी एक अनपेक्षित देणगी. १९८५ मध्ये जपानमध्ये ओसाकाच्या मोरिमोतो आणि कुमाहारा यांनी नोंदवलं की हाडांच्या ठिसूळपणासाठी ड जीवनसत्त्वाचं एक रूप घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिसच बरा झाला. औषध हाडांसाठी आणि गुण कातडीला! डेन्मार्कच्या लिओ कंपनीने त्यावरून कॅल्सिपोट्रिऑल तयार केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या फडताळात आलं. डाग नाही, वास नाही, कातडी पातळ होत नाही. फक्त मोठ्या माणसाने आठवड्याला शंभर ग्रॅमच्या वर जाऊ नये, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पुढे त्यात बीटामेथासोन मिसळून एकच मलम निघालं आणि आज अनेकांची सुरुवात त्यानेच होते. डिथ्रॅनॉल आता क्वचितच कुणी लिहून देतं.

डोक्यातल्या सोरायसिसवर मात्र मी अनेक वर्षं एक जुनं मलम दिलं, डांबराचा अर्क, सॅलिसिलिक अॅसिड आणि गंधक, आणि हे सगळं चक्क खोबरेल तेलात! इंग्रज बायका त्या वासाने नाक मुरडत. मला माहेरी गेल्यासारखं वाटे.

अलीकडे अमेरिकेत २०२२ मध्ये दोन नव्या मलमांना मान्यता मिळाली, मे महिन्यात टॅपिनारॉफ आणि जुलैत रोफ्लुमिलास्ट. दोन्हींत स्टेरॉइड नाही. टॅपिनारॉफचं मूळ द्रव्य जमिनीतल्या सूक्ष्म कृमींच्या पोटात राहणाऱ्या, अंधारात चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये सापडलं. ते पेशीतल्या ज्या कुलपाला किल्ली लावतं, त्याच कुलपाला आपलं जुनं डांबरही किल्ली लावतं, हे २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी इसबाच्या त्वचेवर काम करताना दाखवलं. इतकी वर्षं फासलेलं डांबर अगदीच अडाणी नव्हतं तर!

हे सगळं दिवाळी अंकात लिहायचं कारण तुमच्या-आमच्या बॅगा. भारतातून परतताना लोणच्याच्या बरणीशेजारी 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब असतेच. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक तिघांची खिचडी. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणाऱ्या यादीत घातली. कागदावर चिठ्ठी लागते. काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गजकर्णावर ही खिचडी लावली की खाज थांबते आणि बुरशी मात्र आत पसरते. औषधाला दाद न देणारं गजकर्ण भारतात फोफावण्यामागे हे एक कारण मानतात. २०२३ मध्ये अशा बुरशीचे अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण न्यूयॉर्कमध्ये नोंदले गेले. सोरायसिसवर तीच खिचडी लावली तर मामांसारखं होऊ शकतं. स्क्वायर यांच्या रुग्णाने गजकर्ण समजून सोरायसिसवर औषध लावलं आणि जगाला एक औषध मिळालं. आज तोच गोंधळ एवढा स्वस्त पडत नाही.

गजकर्ण की सोरायसिस, हे पाहायला फार काही लागत नाही. चट्ट्याच्या कडेचे थोडे पापुद्रे काचपट्टीवर खरवडून घ्यायचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. मामांच्या कोपराची ही तपासणी पहिल्यांदा झाली ती जिल्ह्याच्या त्या रुग्णालयात, चट्टे येऊन तीस वर्षं उलटल्यावर. पट्टी स्वच्छ होती.